साखरपाणी न पिणारा उंदीर

उंदराचे मन उदास होते काय? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण १९८७ साली पॉल विल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये तो गंभीरपणे विचारला. उंदरांना त्यांनी मारले-झोडले नाही. रोज काहीतरी कटकट मात्र मागे लावून दिली. आज पिंजरा तिरका, उद्या खालचा भुसा ओला, परवा रात्रभर दिवा चालू, कधी पिंजऱ्यात अनोळखी पाहुणा. (चाळीत दिवस काढलेल्या वाचकांना ह्यात नवल वाटणार नाही!) काही आठवड्यांत हे उंदीर साखरेच्या पाण्याला पूर्वीसारखे भुलेनासे झाले. गोडातली गोडीच जाणे, हे तर विषण्णतेचे मोठे लक्षण.

मग त्यांना विषण्णतेवरचे डेसिप्रामिन दिले. गोडी परत आली, पण दोन ते चार आठवड्यांनी. पुढे फ्लुओक्सेटिननेही तेच केले, तेही असेच सावकाश. आणि ज्या उंदरांना छळलेच नव्हते, त्यांची गोडाची आवड काही औषधाने वाढली नाही. म्हणजे ही आनंदाची गोळी नव्हे, बरे का!

इतका उशीर का? फ्लुओक्सेटिन मेंदूतले सिरोटोनिन हे द्रव्य पेशीत परत शोषले जाऊ देत नाही. हे काम काही तासांतच होते. पण सिरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवर एक पहारेकरी बसलेला असतो. शास्त्रात त्याला ग्राही म्हणतात. द्रव्य वाढले की तो पेशीला 'पुरे!' म्हणून दटावतो. दोन-तीन आठवडे औषध चालले, की तो सुस्तावतो. अशी औषधे बरेच दिवस दिली, तर उंदरांच्या मेंदूच्या पुढल्या भागातले दुसऱ्या एका जातीचे ग्राही संख्येनेच घटतात, हे पेरुटका आणि स्नायडर ह्यांनी १९८० मध्येच दाखवले होते. ह्यांतला कोणता बदल माणसाला बरे करतो, ह्यावर शास्त्रज्ञांचे भांडण अजून मिटलेले नाही.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी नवव्या दिवशीच गोळ्या सोडल्या. मळमळ पहिल्या दिवसापासून, आणि गुणाचा पत्ता नाही! "औषध लागू पडत नाही हो," असा सासूबाईंनी निकाल दिला. मी वहिनींना ह्या उंदरांची हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. पण डॉक्टरांकडे पुन्हा गेल्या. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो, तर "साखर कमी झाली का हो?" म्हणून स्वतःच विचारीत होत्या.