तपासणीच्या वाटेवरची सोबतीण

स्त्रियांच्या रोगांचे निदान वेळेवर व्हावे म्हणून सरकार दवाखाने बांधते, यंत्रे खरेदी करते, शिबिरांची पत्रके वाटते; परंतु जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती बहुधा घराबाहेर पडतच नाही, या वस्तुस्थितीकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतलेल्यांचे प्रमाण जेमतेम १.९ टक्के होते. जो रोग होण्यापूर्वीची विकृती वर्षानुवर्षे सुप्त राहते आणि त्या अवस्थेत हुडकून नाहीशी करता येते, तो रोग या देशात वर्षाला सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतो.

याचा दोष अज्ञानाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. अंगावरून पांढरे जाते, संबंधानंतर रक्त दिसते, हे तिला ठाऊक असते. ते बोलावे कोणापाशी, हा तिचा प्रश्न असतो. मजुरी बुडते, सासूला काय सांगावे ते सुचत नाही, आणि या सगळ्याच्या तळाशी ‘काही निघालं तर?’ हे भय असते. भिंतीवरच्या फलकाने हे भय जात नाही. स्वतः त्या तपासणीच्या टेबलावर जाऊन आलेली गल्लीतली बाई जेव्हा म्हणते, ‘घटकाभराचं काम आहे गं, उद्या मी येते तुझ्यासंगं,’ तेव्हाच चपला पायात घातल्या जातात.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा प्रदीर्घ अभ्यास केला, त्यात तपासणीचे काम डॉक्टरांनी नव्हे, तर शालेय शिक्षण झालेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केले. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच द्रव्य, लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते चांगल्या उजेडात पाहायचे, इतकी ती साधी रीत. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ज्यांना पुढील निदानासाठी बोलावले, त्यांच्यापैकी सुमारे पाचांतली एक आलीच नाही. माझे सारे म्हणणे या न आलेल्या पाचवीपाशी येऊन ठेपते. कारण तपासणीपेक्षाही तपासणीनंतरच्या वाटेवर स्त्री अधिक एकाकी असते.

दीर्घकाळच्या इतर दुखण्यांतही हेच आढळते. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होते. मिश्रीवाचून पोट साफ होत नाही, या समजुतीने भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांवर रोज घासली जाते. ती सोडल्यावरचे पहिले पंधरा दिवस कसे काढावेत, हे मिश्री सोडलेल्या बाईइतके नेमके कोण सांगू शकेल? जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, आरोग्यशिक्षण देऊन ज्या आरोग्यसेविका घडवल्या, त्या आपल्याच महाराष्ट्रात.

स्वतः त्या वाटेने जाऊन आलेली अशी एक सोबतीण गावोगाव नेमली पाहिजे. घरची गोष्ट शेजारणीमार्फत गावभर होईल, ही शंका मात्र खरी आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. म्हणूनच या सोबतिणीची निवड सरपंचांच्या मर्जीवर न ठेवता गावातल्या स्त्रियांच्या हाती असावी, गुप्तता हा तिच्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ असावा आणि तपासणीचे दप्तर तिच्याकडे नव्हे, आरोग्य केंद्रात राहावे. आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी कामे आहेत की हे आणखी एक त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. नव्या सोबतिणीस नियमित मानधन हवे. सेवाभावाच्या नावाखाली बायकांचे श्रम फुकट वापरण्याचा शिरस्ता आता मोडला पाहिजे. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तपासणीत दोषाची शंका आलेल्या स्त्रियांसाठी राखून ठेवावा. एस.टी.त स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. उरलेले अर्धे, दोघींचेही, आणि रुग्णाची त्या दिवसाची बुडालेली मजुरी, एवढी तरतूद जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात करावी.