शेजारची शाळा

दर वर्षी हिवाळा सुरू झाला की शहापूर-मुरबाड परिसरातून धम्मयात्रेच्या गाड्या निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून त्या सीमेपलीकडे नेपाळात लुंबिनीस जातात. ज्यांची ऐपत आहे ती कुटुंबे अनुराधपूर आणि कँडीही पाहून येतात. गावोगावच्या विहारांत थायलंडहून दानरूपाने आलेल्या बुद्धमूर्ती बसल्या आहेत. या सर्वांचा आम्हांस आनंदच आहे. तथापि या शेजारी देशांशी आपले नाते दर्शनापुरते आणि मूर्तीपुरते उरले असून शिकण्याचे व संशोधनाचे नाते जवळजवळ तुटले आहे, ही गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे. या स्मरणिकेचा वाचक हा माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव असल्यामुळे येथे तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे योग्य होईल.

हे नाते जुने आहे आणि त्याची एक वाट आपल्या मुरबाड तालुक्यातूनच जाते. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल आणि माणूस नाणेघाट चढून जुन्नरास जात असे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, तर पलीकडे जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत यवन दात्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस मिळाला. आणि अशोकाच्या काळी आपल्या या अपरान्तात धम्म सांगण्यासाठी कोण आला? महावंस सांगतो की, योनक म्हणजे यवन असलेला धम्मरक्खित नावाचा भिक्खू आला. हा महावंस सिंहलद्वीपात लिहिला गेला आणि तिथल्याच विहारांनी तो जपला. आमच्या कोकणातील धम्माची आठवण आम्ही विसरलो, ती शेजाऱ्याने सांभाळली. इतिहास शिकविताना हे वाक्य आम्ही मुलांना दोनदा वाचावयास लावतो.

पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी काय स्थिती होती ते पाहावे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घर सोडून निघाले. पुणे, काशी येथे त्यांनी संस्कृत शिकून घेतले, नेपाळपर्यंत पायपीट केली. ज्या भूमीत तथागत जन्मले, फिरले, परिनिर्वाण पावले, त्या भूमीत पाली त्रिपिटक शिकविणारा गुरू त्यांस मिळेना. अखेर 1902 साली ते समुद्र ओलांडून कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपाशी गेले. नंतर ब्रह्मदेशात राहिले. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांस दरमहा 50 रुपयांचे वेतन दिले, ते महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहावेत एवढ्यासाठी. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हेही या ठिकाणी ध्यानात ठेवावे. कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली पिढी होय. आज मराठीत बुद्ध वाचावयास मिळतो त्याच्या मुळाशी कोलंबोतील एक शाळा आहे. एका शेजाऱ्याने फी न घेता, जात न विचारता एका परदेशी तरुणास शिकविले, त्याचे हे फळ.

जात न विचारता, असे लिहिले खरे. पण येथे थोडे थांबावयास हवे. बौद्ध देश म्हणजे निर्दोष देश, असा एक भाबडा समज आपल्यांत आहे. सिंहलद्वीपात उपसंपदेची परंपरा खंडित झाली तेव्हा 1753 साली सयामच्या भिक्खूंना बोलावून ती पुन्हा सुरू करण्यात आली. परंतु या सयाम निकायाने उपसंपदा गोविगम या वरच्या मानल्या गेलेल्या जातीपुरतीच राखून ठेवली. ज्यांना नाकारण्यात आले त्यांनी काय केले? ते 1800 च्या सुमारास समुद्रमार्गे ब्रह्मदेशात अमरपूर येथे गेले, तेथे उपसंपदा घेतली आणि परतून आपला वेगळा अमरपूर निकाय उभा केला. स्वदेशात जातीने बंद केलेले दार शेजारच्या देशात उघडे मिळाले. आमच्या मते शिक्षणातील सहकार्याचा याहून चांगला इतिहास आंबेडकरी वाचकासाठी दुसरा नसेल. आणि आजही श्रीलंकेत तमिळांच्या व म्यानमारात रोहिंग्यांच्या बाबतीत जे घडले ते पाहता, शेजाऱ्यांकडे डोळे उघडे ठेवूनच गेले पाहिजे. शिकावयास जाणारा आणि लोटांगण घालावयास जाणारा यांत फरक आहे.

बाबासाहेबांचे जाणे पहिल्या प्रकारचे होते. 1950 साली ते कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, 1954 साली रंगूनला, आणि नोव्हेंबर 1956 मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, काठमांडूस. तेथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. प्रकृती ढासळलेली असता हा माणूस शेजाऱ्यांच्या देशांत चर्चा करावयास जातो, तेथील धम्म कसा आहे याची चिकित्सा करतो, आणि इकडे सिद्धार्थ व मिलिंद ही महाविद्यालये उभी करतो. या दोन्ही कामांचा उगम एकच होता.

आता विज्ञानाकडे वळतो, कारण आपल्या वाडी-पाड्यांच्या दृष्टीने खरी निकड तेथे आहे.

जलसंजीवनीची पुडी प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असते. तिचे शास्त्र ढाका आणि कलकत्ता या दोन शहरांतील प्रयोगशाळांत सिद्ध झाले. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारांच्या आत आले. पुढे बांगलादेशात कार्यकर्त्या घरोघर जाऊन चिमूटभर मीठ व मूठभर गूळ पाण्यात कसे घालावे हे आयांना शिकवीत हिंडल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंची ही कमाई आहे.

परंतु आमचा मुख्य मुद्दा सर्पदंशाचा आहे. भाताची लावणी आणि कापणी, पेंढ्याच्या उडव्या, कुडाची घरे, जमिनीवरचे अंथरूण: शहापूर-मुरबाडच्या या जीवनात साप हा रोजचा शेजारी आहे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी 58 हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. वेदना नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि भगताच्या अंगणात मंत्र चालू असता श्वास थांबतो. किन्हवली, डोळखांब, तोकावडे, धसई या भागांत ही कथा कोणास सांगावी लागत नाही.

नेमकी हीच कथा नेपाळच्या तराईत घडते. तेथील संशोधकांनी दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, मच्छरदाणीत निजणाऱ्यांस सर्पदंश कमी होतो काय, याची गावोगाव पाहणी केली. होतो, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. आग्नेय नेपाळातील काही गावांत मोटारसायकल असणाऱ्या तरुणांची स्वयंसेवक म्हणून यादी केली, दंश झाला की रोग्यास दोघांच्या मध्ये बसवून थेट उपचारकेंद्रात न्यावयाचे ठरविले, आणि गावास शिक्षण दिले. दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आले. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. औषध तर भारतातच तयार होणारे प्रतिविष होते. म्हणजे औषध आपण शेजाऱ्यास देतो आणि ते वेळेवर पोहोचविण्याची रीत त्याच्यापाशी आहे. ही रीत मुरबाडात का पोहोचू नये? आपल्या प्रत्येक पाड्यावर आज मोटारसायकल आहे.

प्रतिविषाची दुसरी बाजूही सांगावयास हवी. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या चापड्यावर ते चालत नाही. श्रीलंकेत आपलेच प्रतिविष जाते, पण तेथे वारंवार चावणाऱ्या वाकड्या नाकाच्या चापड्यावर तेही निरुपयोगी ठरते. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, आणि आपल्याकडील बहुतेक प्रतिविषासाठी लागणारे विष तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. येथे एकट्या देशाने संशोधन करून भागणार नाही. सापास पारपत्र लागत नाही. केंद्र शासनाने 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा 2024 साली जाहीर केला आहे. त्याच्या यशासाठी कोलंबो, ढाका आणि काठमांडू येथील अनुभव हाताशी घेणे आवश्यक आहे.

मग अडचण कोठे आहे? सार्क देशांचे दक्षिण आशियाई विद्यापीठ दिल्लीत 2010 पासून चालू आहे. आठ देशांची मुले एका वर्गात बसावीत ही त्याची कल्पना. परंतु सार्कची शिखर परिषद 2014 च्या काठमांडू बैठकीनंतर भरलेलीच नाही, आणि पालक-संस्थाच निजली असता विद्यापीठ किती जोमाने चालणार? सरकारांचे भांडण आम्हांस कळते. दहशतवादाकडे डोळेझाक करा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या भांडणाची झळ पाली शिकणाऱ्यास आणि विषावर काम करणाऱ्यास का लागावी, हे कळत नाही.

याहून बोचणारी गोष्ट शिष्यवृत्तीची आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. शिवाय विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असले पाहिजे ही अट. या दोन अटी एकत्र ठेवून पाहाव्यात. आमच्या मुलीने ऑक्सफर्डला जाऊन अभियांत्रिकी शिकावी, हे चालेल. तिने केलानियाला जाऊन आपल्याच पूर्वजांच्या धम्माचा इतिहास पाली साधनांतून लिहावा, हे चालणार नाही. कोसंबी आज जन्मते तर या नियमांत बसले नसते. दलितांनी स्वतःचा इतिहास स्वतः लिहू नये, असा हेतू यामागे असेल वा नसेल. परिणाम मात्र तोच होतो. ही अट रद्द व्हावी म्हणून आपल्या संस्थेने व माजी विद्यार्थ्यांनी सामाजिक न्याय मंत्रालयाकडे लेखी मागणी केली पाहिजे, आणि एकदा करून थांबू नये.

शासन ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हाती काय आहे? धम्मयात्रेस जाणाऱ्या प्रत्येक गाडीने एका विद्यार्थ्याच्या नावे काही रक्कम बाजूस काढली तर दोन-तीन वर्षांत एक पदवीधर पाली शिकण्यासाठी श्रीलंकेत धाडता येईल. पुढच्या मूर्तीऐवजी थायलंडच्या दात्यांकडे ग्रंथालयासाठी त्रिपिटकाचा संच मागता येईल. ते आनंदाने देतील असा आमचा कयास आहे. आपले जे माजी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते आहेत त्यांनी नेपाळातील त्या अभ्यासांचे सार सोप्या मराठीत करून द्यावे. नववी-दहावीच्या मुलांकडून आपापल्या पाड्यावरील पाच वर्षांतील सर्पदंशांची नोंद करवून घेण्याचे काम आम्ही शिक्षक पत्करतो. ती नोंद तराईतील एखाद्या शाळेने केलेल्या नोंदीशेजारी ठेवून पाहता आली, तर मुलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय शोधनिबंध होईल.

वसतिगृहातील प्रत्येक अंथरुणास मच्छरदाणी मिळावी, ही विनंती संस्थेस वेगळी केली आहे. मोटारसायकलस्वारांच्या यादीसाठी तोकावडे, धसई, किन्हवली व डोळखांब या भागांतील माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव, पाडा आणि दूरध्वनी क्रमांक विद्यालयाच्या कार्यालयात मृगापूर्वी नोंदवावा.