समुपदेशनातील ‘उपदेश’ : आरोग्य-मानसशास्त्रज्ञाचे नीतिभान आणि त्याची भाषा



‘समुपदेशन’ हा शब्द आता आपल्या सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. शाळेच्या फलकावर, जिल्हा रुग्णालयातील एखाद्या खोलीच्या दारावर, कुटुंब न्यायालयाच्या आवारात तो दिसतो. या शब्दाची फोड केली की आत ‘उपदेश’ सापडतो, आणि उपदेश म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी, की ज्या व्यवसायासाठी हा शब्द रूढ झाला त्या व्यवसायाचा पहिला धडाच मुळी उपदेश न करण्याचा आहे. दारावरची पाटी वाचून आत आलेला माणूस खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, “आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” पाटीने त्याला जे वचन दिले, तेच तो मागत असतो. शब्द रूढ झाला आहे, तो बदला असे मी म्हणणार नाही. शब्दांच्या मागे काठी घेऊन लागणे हे भाषावैज्ञानिकाचे काम नव्हे. परंतु व्यवसायाचे नाव आणि व्यवसायाची नीती यांत एवढे अंतर असेल, तर त्या अंतराकडे पाहण्याचे काम भाषेच्या अभ्यासकानेही करायला हवे, असे माझे मत आहे.

येथे मी विशेषतः आरोग्य-मानसशास्त्रज्ञाविषयी लिहीत आहे. ही शाखा तुलनेने नवी. जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने १९७७मध्ये आजाराकडे जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत आरोग्य-मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला माणूस पुन्हा तंबाखू का मळतो, डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा येणाऱ्या बाईचे मन कशाने खचते, कर्करोगाचे निदान ऐकल्यावर घरात काय घडते, हे या शाखेचे विषय. म्हणजे मनोरुग्णालयाच्या बाहेर, साध्या वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात बसणारा हा मानसशास्त्रज्ञ आहे.

या व्यवसायाच्या नीतिशास्त्राची पाठ्यपुस्तके तीन गोष्टींवर भर देतात : माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि स्वतःच्या पात्रतेची मर्यादा ओळखणे. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात भाषेत घडतात आणि भाषेतच बिघडतात. असे असूनही भावी मानसशास्त्रज्ञाच्या तयारीत रुग्णाच्या भाषेला क्वचितच जागा मिळते. संख्याशास्त्र शिकवले जाते, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण विदर्भातील शेतकरी आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतो, हे मात्र त्याला आपोआप कळेल असे गृहीत धरले जाते.

संमतीचे उदाहरण घेऊ. रुग्णालयातील छापील संमतिपत्रात साधारणपणे असे वाक्य असते : ‘मला सर्व बाबी समजावून सांगण्यात आल्या असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ व्याकरणाच्या घटकात आपण प्रयोग शिकला आहात. या वाक्यात समजावून सांगणारा कोण, हे शोधून पाहा. सापडणार नाही. ‘सांगण्यात आल्या’ या रचनेने कर्त्याला अलगद बाहेर काढले आहे; आत उरला आहे तो फक्त रुग्ण, आणि तक्रारीचा हक्क आधीच सोडून देणारी त्याची सही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने माहितीपूर्ण संमतीची जी व्याख्या केली आहे, तीत धोके, लाभ आणि पर्याय यांची पुरेशी माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने द्यावी, असे म्हटले आहे. हा कायदा मानसिक आजारांच्या उपचारांपुरता असला, तरी त्यातील हे दोन शब्द प्रत्येक वॉर्डाने घेण्याजोगे आहेत. भाषा आणि रीत. मराठीतून सांगितले म्हणजे समजेल अशा रीतीने सांगितले, असे होत नाही. ‘आपल्या आजाराचे मनोसामाजिक मूल्यमापन करावयाचे आहे’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने ते कोणत्याही परभाषेइतकेच दूरचे आहे.

आणि मग तो प्रसिद्ध प्रश्न येतो : “समजलं ना?” उत्तर ठरलेले असते : “हो.” आपल्याकडे आपल्याहून शिकलेल्या, खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘नाही समजलं’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. तो ‘हो’ शिष्टाचाराचा असतो. त्यावरून रुग्णाच्या आकलनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. अनुभवी समुपदेशक म्हणूनच प्रश्न फिरवतात : “घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, काय म्हणाले म्हणून?” आता रुग्णाला स्वतःच्या शब्दांत बोलावे लागते आणि काय पोहोचले, काय वाटेत सांडले, हे लगेच दिसते. ही काही चलाखी नव्हे. माझ्या मते संमती मिळाली की नाही, हे ठरवण्याची खरी जागा हीच आहे, सही नंतरची.

यात आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक रुग्णाची मातृभाषा मराठी नाही. मेळघाटात कोरकू बोलली जाते आणि कोरकूचे मराठीशी कुळाचेही नाते नाही. ती मुंडा गटातील भाषा आहे. नंदुरबारच्या सातपुड्यात भिली गटातील बोली आहेत, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया आहेत. अशा ठिकाणी दुभाषा म्हणून बहुधा शाळेत जाणारा नातू पुढे होतो. एखादी आजी आपल्या अंगावरचे दुखणे नातवाच्या तोंडून डॉक्टरांना काय आणि किती सांगेल, याची कल्पना आपण करू शकता. मूलही आपल्या परीने गाळते, जोडते, लाजते. येथे गोपनीयता आणि संमती दोन्ही एकाच वेळी कोसळतात आणि त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो.

गोपनीयतेविषयी कायदे पुरेसे स्पष्ट आहेत. मानसिक आरोग्यसेवेत ती रुग्णाचा हक्क मानली आहे. २०१७च्याच एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियमाने संमतीवाचून चाचणी करण्यास आणि काही मोजके अपवाद वगळता व्यक्तीची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. अडचण कायद्यात नाही, आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. सोबत मुलगा, जावई, शेजारची काकू येते आणि “आमच्यापासून काय लपवायचंय?” असे प्रेमानेच विचारले जाते. उलट बाजूने, कर्करोगाच्या निदानात तेच नातेवाईक दाराबाहेर गाठून म्हणतात, “त्यांना सांगू नका, हाय खातील.” मग आजाराचे नाव जाऊन ‘गाठ’ येते, ‘जरा इन्फेक्शन’ येते. मी या नातेवाइकांना खलनायक मानत नाही. पण ज्याचा देह त्यालाच अंधारात ठेवून घेतलेला निर्णय हा त्याचा निर्णय राहत नाही, हे मानसशास्त्रज्ञाने त्यांच्याशी सौम्यपणे आणि स्पष्टपणे बोलले पाहिजे. निदान रुग्णाला एवढे तरी विचारता येते : “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? आणि ते कोणाच्या समोर?” पुष्कळदा रुग्णाला सारे आधीच उमगलेले असते आणि तोही घरच्यांसाठी गप्प असतो.

तालुक्याच्या गावी आणखी एक धोका असतो. प्रशिक्षणात बोलताना समुपदेशक नाव वगळतो आणि सांगतो, ‘पलीकडच्या वाडीतल्या एक शिक्षिका, पती सैन्यात.’ नाव वगळले. पण बाई ओळखली गेली. शहरातल्या पुस्तकातला नियम गावात अपुरा पडतो, कारण गावात माणूस नात्यांनी, व्यवसायाने, गल्लीने ओळखला जातो. गोपनीयतेच्या मर्यादाही पहिल्याच भेटीत आणि साध्या मराठीत सांगायला हव्यात : “तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला ते योग्य माणसाच्या कानावर घालावं लागेल.” सर्व ऐकून झाल्यावर शेवटी हे सांगणे म्हणजे फसवणूक आहे.

आता पात्रतेकडे वळू. ‘जीव घाबरा होतो’, ‘मन कशातच रमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘आतून हुरहुर लागते’ : मराठी माणूस मनाचे दुखणे असे जीव, अंग, डोके, काळीज यांच्या आधाराने बोलतो. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली २००१मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या प्रश्नाचा रोख काम करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, असा आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या शेतमजूर बाईला हा प्रश्न शब्दशः मराठीत विचारून पाहा. “कामात कसला आनंद, बाई?” असे ती म्हणेल. आता हे उत्तर आजाराचे की परिस्थितीचे? गुण देणाऱ्या चौकटीला हा भेद कळत नाही, विचारणाऱ्याला कळावा लागतो. दुसरे वाक्य अधिक नाजूक आहे. “देवा, आता उचल रे बाबा,” असे थकलेली आजी दिवसातून दहादा म्हणते. पुष्कळदा तो उसासा असतो, पण प्रत्येक वेळी नाही. तो उसासा आहे असे ऐकणाऱ्याने परस्पर ठरवू नये आणि घाबरून विषयही बदलू नये. शांतपणे, थेट विचारावे : “आजी, स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज अभ्यासांनी खोटा ठरवला आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तज्ज्ञापर्यंत पोहोचवावे. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे; हा क्रमांक आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असावा.

संबोधनाविषयी थोडेसे. आपल्या रुग्णालयांत ‘मावशी’ म्हणजे वॉर्डातील आया आणि ‘मामा’ म्हणजे वॉर्डबॉय, हे आपण जाणता. तोच शब्द रुग्ण बाईसाठी वापरला की त्यात माया किती आणि पायरी किती, हे सांगणे कठीण होते. शिक्षकाला ‘तुम्ही’ आणि हमालाला ‘तू’ म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने नीतिसंहिता तोंडपाठ केली असली, तरी माझ्या लेखी तो पहिल्या परीक्षेत नापास आहे.

शेवटी आपल्या वाटेविषयी, कारण आपल्यापैकी काहींना या क्षेत्राची ओढ आहे, हे संपर्कसत्रांतील प्रश्नांवरून दिसते. येथे गोड बोलणे अयोग्य ठरेल. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची पात्रता भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी बांधलेली आहे. इतर मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य-समुपदेशक २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याच्या कक्षेत आले आहेत. त्याच अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. मुक्त शिक्षणात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा निर्णय टोचतो. नोकरी, शेती, मुले सांभाळून शिकणाऱ्या बाईसाठी एक दार बंद झाले आहे आणि त्याऐवजी दुसरे कोणते उघडले, हे तिला कोणी सांगितलेले नाही. तरीही निर्णयामागचे तत्त्व मला नाकारता येत नाही : रुग्णासमोर बसण्याचे शिक्षण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्षच व्हावे लागते, ते टपालाने येत नाही. म्हणून ज्यांना या व्यवसायात जायचे आहे त्यांनी पुढील शिक्षण नियमित पद्धतीने घेण्याची तयारी ठेवावी, मराठीच्या पदवीवर तेथे प्रवेश मिळतो का हे त्या-त्या विद्यापीठाकडे आधी लेखी विचारावे आणि अभ्यासक्रमाची मान्यता स्वतः पडताळावी. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर नावापुढे ‘समुपदेशन तज्ज्ञ’ लावून गल्लीत पाटी टांगणे हा रुग्णावरचा अन्याय आहे. प्रमाणपत्र देणाऱ्याने कितीही मोठा समारंभ केला असो.

पण मानसशास्त्रज्ञ न होताही आपल्याला येथे काम आहे. प्रश्नावल्यांचे मराठीकरण करताना एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने ते मूळ भाषेत परत न्यावे आणि मग दोन्ही ताडून पाहावीत, अशी रीत आहे. त्या कामात बोलींचे ज्ञान असलेला माणूस लागतो. संमतिपत्रे, पथ्यपाण्याची पत्रके, वॉर्डातील सूचना या साऱ्यांना चांगल्या मराठीची गरज आहे, आणि चांगली म्हणजे जड नव्हे.

पुढील संपर्कसत्राला येताना आपल्या जवळच्या रुग्णालयातून एक संमतिपत्र मागून आणावे. कोरे आणावे, भरलेले नव्हे. त्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा. जेथे तो सापडत नाही तेथे वाक्य पुन्हा लिहावे, आणि आपले वाक्य घरातील सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीला वाचून दाखवून तिला काय कळले, ते तिच्याच शब्दांत समासात उतरवून आणावे.