ट्रॅक्टरला सीट एकच असते

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. गावातल्या काही जणांना राग येईल. येऊ द्या. जन्मभर मास्तरकी केली, राग ओढवून घ्यायची सवय आहे.

"काळ आला होता, त्याला कोण काय करणार?" ट्रॅक्टर उलटून माणूस गेला की हे वाक्य प्रत्येक मौतीत ऐकू येतं. तेराव्यापर्यंत तेच चालतं, आणि चौदाव्या दिवशी त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन पोरं बसून वावरात निघालेली असतात. माझं भांडण या वाक्याशी आहे.

पुण्या-मुंबईची आमची भाचेमंडळी सुट्टीत काशिद-नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात आणि ती चार जाड चाकांची एटीव्ही गाडी चालवल्याचे फोटो पाठवतात. सपाट वाळूवरच्या चार चकरा, पण घरच्यांना धाकधूक! अरे बाबांनो, चिखल, नाला, धुरा, चढउतार सगळीकडे जाणारी आमची एटीव्ही म्हणजे ट्रॅक्टर. तो रोज चालतो, रात्रीही चालतो, आणि त्याची धाकधूक कुणालाच नाही. वाहनाची सवय झाली की भीती जाते, पण धोका जात नाही.

"आपल्याकडे कुठे डोंगर आहेत? ट्रॅक्टर उलटायला घाट लागतो," असं केनवडच्या पारावर मला ऐकवलं जातं. डोंगरच कशाला पाहिजे? आपली काळी जमीन पावसात फुगते आणि लोण्यासारखी होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नाल्याचा काठ वरून टणक दिसतो आणि आतून पाण्याने पोखरलेला असतो. धुऱ्यावर एक चाक चढलं की तेवढाच कल पुरतो. मागची चाकं उंच, वजन वर, पुढचा भाग हलका, असा ट्रॅक्टरचा बांधाच आहे.

त्यातही वाईट म्हणजे मागे उलटणं. चिखलात मागची चाकं रुतली, इंजिनाचा जोर तर चालूच, चाक फिरेना, मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला बघतो आणि त्याचं तोंड वर उठतं. उठल्यापासून पालथा पडेपर्यंत दीड सेकंद. "अरे अरे" म्हणायलाही तेवढा वेळ लागतो. म्हणून "आमचा गडी हुशार आहे, उडी मारेल" हे मला सांगू नका. दीड सेकंदात कुणी उडी मारत नसतो.

हे सगळं टाळता येतं, आणि त्यात अवघड काही नाही. ओढायचं ते मागच्या खालच्या हुकालाच बांधायचं, वर बांधलं की तोंड उठलंच म्हणून समजा. रुतलाच तर रेस देत बसू नये, मागे घ्यावा, नाही निघाला तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये, कारण मागून भरलेली ट्रॉली ढकलत असते आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दोन ब्रेकचे पेडल वावरात वेगळे चालतात, पण रस्त्यावर आल्यावर त्यांची कडी जोडलीच पाहिजे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. नाल्याची जेवढी खोली, निदान तेवढं अंतर काठापासून सोडायचं. सातवीच्या मुलाला अर्ध्या तासात समजेल एवढंच हे शास्त्र आहे.

पण शिकवतो कोण? बैल हाकायला पोरगा बापाच्या मागे चार-पाच वर्षं चालायचा तेव्हा शिकायचा. शिवाय बैलाला स्वतःचे डोळे होते. अंधारात विहिरीचा काठ आला की बैल थांबायचा, आसूड मारला तरी पुढे पाऊल टाकायचा नाही. निम्मी अक्कल त्या मुक्या जिवाची होती. आता ती निम्मी अक्कलही चालवणाऱ्यालाच लागते, आणि आपण काय करतो? नारळ फोडतो, हार घालतो, आणि किल्ली सोळा वर्षांच्या पोराच्या हातात देतो. वर कौतुक, "आमचा बंड्या दहावीतच ट्रॅक्टर चालवतो!" २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. बंड्याच्या बापाने हे एकदा वाचून ठेवावं.

आता खरा मुद्दा. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात बायांचा जीव गेला. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या. हिंगोली जिल्हा आमच्या रिसोड तालुक्याला लागूनच आहे, म्हणजे परकी कुणी नव्हती. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली पाण्यात उलटली आणि २६ माणसं गेली. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. या सगळ्यांचा काळ एकाच क्षणी आला होता? की आपण माणसांना पोत्यासारखं ट्रॉलीत भरतो म्हणून तो आला?

यावर उत्तर तयार असतं, "गुरुजी, सोंगणीच्या दिवसात मजूर न्यायचे कसे?" हा प्रश्न खोटा नाही. कामावर वेळेत पोचायचं असतं, वावर दोन-तीन कोस दूर, पांदण रस्ता असा की दुसरं वाहन जात नाही. पण मग निदान एवढं करा की चांगल्या रस्त्यापर्यंत ऑटोने न्या आणि पुढची पांदण पायी जाऊ द्या. दहा मिनिटं उशीर होईल, ती दहा मिनिटं मालकाने सोसावी. मजुरीच्या हिशोबात सगळं धरता, बाईच्या जिवाची किंमत तेवढी धरत नाही. आणि शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर सरकार वारसांना दोन लाख रुपये देतं, ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना सातबारावाल्या कुटुंबासाठी आहे. जिच्या घरी गुंठाभर जमीन नाही, ती मजूर बाई त्यात बसत नाही. म्हणजे ट्रॉलीत सगळ्यात आधी तीच, आणि मदतीच्या यादीत तीच नाही!

स्वीडन देशाने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या डोक्यावर मजबूत लोखंडी कमान सक्तीची केली. पुढे जुन्यांनाही लावली. तिथे ट्रॅक्टर उलटून माणसं मरणं जवळजवळ थांबलं. तिथली माती काही जास्त दयाळू नाही. ऑस्ट्रेलियाने तर ऑक्टोबर २०२१ पासून शेतावर वापरायच्या नव्या एटीव्हीलाही तशी कमान बंधनकारक केली. अमेरिकेत विकायला जाणाऱ्या आपल्याच देशातल्या ट्रॅक्टरवर ही कमान आणि पट्टा असतो. म्हणजे बनवता येत नाही असं नाही, आपण मागत नाही.

आपण काय मागतो? गाण्याचा डेक, रंगीत गोंडे आणि उन्हासाठी छत. ते पाइपाचं छत म्हणजे कमान नव्हे, उलटल्यावर ते पत्रावळीसारखं दबतं. आणि एक नीट लक्षात ठेवा. कमान असेल तर पट्टा बांधायचाच, म्हणजे माणूस कमानीच्या आत राहतो. कमान नसेल तर पट्टा बांधायचा नाही.

शहरातल्या नातेवाइकांनो, हे गावाकडचं म्हणून सोडून देऊ नका. दिवाळीत तुमचीच लेकरं हौसेने मडगार्डवर बसतात आणि तुम्हीच फोटो काढता. ट्रॅक्टरच्या नोंदणीत सीट एकच लिहिलेली असते, चालवणाऱ्याची. मडगार्ड हा चाकावरचा पत्रा आहे, त्याच्याखाली माणसाएवढं चाक फिरत असतं. एक खड्डा पुरतो.

आणि विहिरी! कठडा नसलेल्या विहिरी आपल्या शिवारात किती आहेत ते ज्याने त्याने मोजावं. मंदिराच्या कळसाला वर्गणी निघते, तशी विहिरीच्या कठड्याला का निघू नये? ग्रामसभेत हा विषय निघालाच पाहिजे. कुणी काढला नाही तर मी काढीन, या वयात मला कुणाची निवडणूक लढवायची नाही.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा जरूर करा, लक्ष्मीच आहे ती. पण झेंडूची माळ घालायच्या आधी मडगार्डवर बसलेल्याला खाली उतरवा. ज्या दिवशी गावातला शेंबडा पोरगासुद्धा "काका, सीट एकच आहे" असं म्हणेल, त्या दिवशी काळालाही आपल्या शिवाराची वाट जरा लांबची वाटेल.