दंडाला पट्टा बांधा, उपदेश मागाहून

दोस्तहो, सध्या हृदयाची फॅशन आहे. पावसाळ्यात ठाण्यात मॅरेथॉन धावते. तलावाकाठी पांढरे बूट घालून माणसं चालतात. २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिनाची भाषणं झडतात. भाषण एकच. मीठ कमी खा, तेल कमी खा, रोज चाला, टेन्शन घेऊ नका. खोपटच्या चाळीतला माणूस हे ऐकून हसतो. टेन्शन काय तो रेशनच्या दुकानातून पिशवीत भरून आणतो?

उपदेश खोटा नाही. मिठानं रक्तदाब वाढतो, तंबाखूनं रक्तवाहिन्या नासतात, हे खरंच आहे. माझा सवाल निराळा आहे. हे ज्ञान आलं कुणाच्या देहातून? आणि त्या देहांच्या वाट्याला काय आलं?

खोपटच्या एसटी स्टँडवर उभे राहा. ड्रायव्हर सीटला जखडलेला, कंडक्टर गर्दीतून मागेपुढे. हीच जोडी लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं अभ्यासली. तिथल्या बसा दुमजली. कंडक्टर दिवसभर जिना चढायचा-उतरायचा, ड्रायव्हर बसून. १९५३ साली मॉरिसनं छापलं, की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. आज जिमवाले जो शोध महिन्याच्या फीवर विकतात, तो बस-कंडक्टरच्या पोटऱ्यांतून लागलाय. आणि ड्रायव्हरचं काय? तो काय आळशी होता? त्याला त्या खुर्चीत धंद्यानं बसवलं होतं. म्हणजे रोग सवयीत नव्हता, खुर्चीत होता. सरकारी पोस्टर मात्र सवयीवर बोट ठेवतं, खुर्चीवर ठेवत नाही. कारण खुर्ची मालकाची असते.

दुसरा दाखला माझ्या धंद्यातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांची १९५१ साली युनियनच्या आरोग्य योजनेतून तपासणी झाली. पॅफेनबर्गर नावाच्या डॉक्टरनं त्या बंदरातल्या कामगारांचा बावीस वर्षांचा हिशेब लावला. जड माल उचलणारे हृदयविकारानं कमी मेले. मग मी खूश होऊ? गोणी उचलतो म्हणून माझं काळीज पोलादाचं? तसं नाही. २०२१ साली कोपनहेगनमधल्या लाखावर माणसांचा अभ्यास आला. फावल्या वेळेतली मेहनत हृदयाला तारते, कामावरची जड मेहनत धोका वाढवते, असं त्यात निघालं. घाम तोच. पण एक घाम आपल्या मर्जीनं गाळलेला, दुसरा मुकादमाच्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कामगारानं १९३४ साली संप करून कामाची वाटणी मुकादमाच्या हातातून काढली होती. आमच्याकडं ठेकेदार आहे. आज हजेरी, उद्याची खात्री नाही.

आता हापिसात चला. १९६७ पासून लंडनच्या सतरा हजारांवर सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, त्याचं नाव व्हाइटहॉल. तळाचे शिपाई-दरवान हृदयविकारानं वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट मेले. सिगारेट, रक्तदाब, चरबी सगळं हिशेबात धरलं तरी फरक पुसला गेला नाही. पायरीच माणूस मारत होती. तिथं ती वर्गाची पायरी. आपल्याकडं पायरीला जात आहे. गटारात कोण उतरतं, बिगारी कोण, शिपायाच्या स्टुलावर कोण, हे मी सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ सालच्या अहवालात छापलंय, की भारतातली दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. साडेचौदा वर्षं, दोस्तहो. तेवढ्यात पोर मॅट्रिकच्या उंबऱ्यावर येतं. ही वर्षं कुठल्या मिठानं खाल्ली?

आता धोरण बघू. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. मर्यादा दीड लाखाची होती, ती २०२३ साली पाच लाख करायचं सरकारनं ठरवलं. २०१७ साली केंद्रानं स्टेंटची किंमतही बांधून दिली. हे चांगलंच झालं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण हा सगळा पैसा झटका आल्यानंतरचा. झटक्याआधीचं काय? २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, असं कागदावर आहे. ते काम टाकलंय आशाताईंच्या डोक्यावर, ज्यांना हे सरकार कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं.

रक्तदाब मुका असतो. दुखत नाही, खुपत नाही. माझ्या टोळीत चाळिशी उलटलेले गडी आहेत, ज्यांच्या दंडाला पट्टा जन्मात बांधला गेला नाही. ज्याचा बांधला गेला तो गोळी सुरू करतो नि सोडतो. गोळी महाग नाही, एका दिवसाची गोळी वडापावापेक्षा स्वस्त पडते. महाग आहे तो खाडा. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची, आमची हजेरीही सकाळची. गोळीसाठी रांगेत उभं राहायचं तर रोज बुडतो. मग तो अडाणी, बेफिकीर ठरतो. आणि शेवटी न्यायचं कुठं? कळव्याला. त्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. आजार निरनिराळे होते, माणसं मात्र बहुतेक आपल्यासारखीच, दुसरीकडं जायची ऐपत नसलेली.

हे बदलता येतं का? येतं. वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाचं कोळसा-खाणवाल्यांचं गाव आहे. तिथं ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा कम्युनिस्ट डॉक्टर होता. १९७१ साली त्यानं एक नियम मांडला: जिथं डॉक्टरची गरज जास्त तिथं डॉक्टर कमी, आणि जिथं बाजार मोकाट तिथं हे जास्तच. नुसता नियम मांडून तो बसला नाही. गावातल्या प्रौढांचा रक्तदाब त्यानं मोजला. जे येत नव्हते त्यांना हुडकून मोजला, आणि वर्षानुवर्षं पाठ सोडली नाही. पंचवीस वर्षांनी हिशेब लावला, तर शेजारच्या तशाच गावापेक्षा मरणाचं प्रमाण पाव हिश्श्याहून जास्त कमी. तिथं मशीन नव्हतं, एअरकंडिशन इमारत नव्हती. एक पट्टा, एक वही, आणि हुडकणारा माणूस.

आणि हुडकणं आपल्याला परकं आहे का? सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्याकडं गेल्या, रोगी आपल्या दारी येईल म्हणून बसल्या नाहीत. त्यातच त्यांचा अंत झाला. ज्यांच्या घराण्याचं नाव योजनेला दिलंय, त्यांची चाल उचला की.

म्हणून मागणी साधी आहे. पट्टा एसटी डेपोत आणा, मजूर नाक्यावर आणा, गोदीच्या गेटवर आणा. दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा. गोळी एकदम महिन्याची द्या. आशाताईंना पगार द्या. ठेकेदाराच्या कामगाराला ईएसआयचं कार्ड आणि भरपगारी रजा द्या, कारण विश्रांती हेही औषध आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हणून लिहिलंय. आम्ही भीक मागत नाही, थकबाकी मागतोय.

आणि पोरांनो, सरकारची वाट बघत बसू नका. रक्तदाबाचं मशीन वर्गणीतून येतं. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा त्याला काढा. वस्तीत टेबल मांडा, वहीत आकडे लिहा. मग ती वही घेऊन महापालिकेवर मोर्चा न्या. घोषणा त्यांना ऐकू येत नाहीत, असं म्हणतात. आपल्या वस्तीचा आकडा नावनिशीवार टेबलावर आदळला, की ऐकू येईल.