‘घरगुती’ म्हणजे काय?

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातील एका स्नेह्यांच्या घरी कथावाचन होते. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहातील एक कथा वाचून होताच एका विद्वान गृहस्थांनी निकाल दिला, “चांगली आहे, पण घरगुती आहे.” मंडळींनी माना डोलावल्या, चहा आला, आणि चर्चा तेथेच आटोपली. त्या ‘पण’विषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण स्त्रियांच्या कथेची समीक्षा आजही वारंवार याच ‘पण’पाशी येऊन अडते.

हा संग्रह १९३३ साली निघाला. शिकलेली, मिळवती, अविवाहित मुलगी. तिच्या मिळकतीवर चालणारा वडिलांचा संसार. आणि मनात दडपलेली स्वतःच्या संसाराची ओढ, हे त्यातील विश्व होय. त्यावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. परंतु त्या गदारोळात कथेच्या चिकित्सेपेक्षा टोपणनावाआडची बाई कोण, याचीच चौकशी अधिक झाली. पुरुषाने खुनाची कथा लिहिली म्हणून त्यास कोणी खुनी ठरवीत नाही. स्त्रीने कुचंबणा लिहिली की तो मात्र तिचा कबुलीजबाब ठरतो!

त्या टोपणनावाआड होत्या मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे. सोलापूरकरांनी तरी हे नाव विसरता कामा नये. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतील कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी ‘सेटलमेंट’ सोलापुरात होती, आणि मालतीबाईंनी तेथे अधिकारी म्हणून काम केले. त्या अनुभवातून १९५० साली त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली. पुढे १९५२ साली तो कायदा रद्द झाला.

आमचे गृहस्थ म्हणतात, ‘बळी’त सामाजिक दृष्टी आहे, ‘कळ्यां’त ती नाही. आम्ही विचारतो, लेखणी एकच असता दृष्टी दुसरी कोठून आली? माणसाच्या श्रमावर, हिंडण्याफिरण्यावर आणि लग्नावर दुसऱ्याचा हुकूम का चालावा, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे. ही दोन्ही दुःखे सारख्याच तोलाची आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पोलिसी पहाऱ्यातील जिणे मध्यमवर्गीय घरातील कोंडमाऱ्याहून किती तरी क्रूर होते. परंतु कुंपणाची तार डोळ्यांस खुपते म्हणून ते ‘सामाजिक’, आणि घराचा उंबरठा अंगवळणी पडला म्हणून तो ‘घरगुती’, या निवाड्यास रसिकता म्हणत नाहीत. ती निव्वळ सवय होय.

यावर कोणी म्हणतील, अशा वाचनाने कलामूल्य बुडेल. आमचे मत नेमके उलट आहे. कथेत कोण बोलते, कोणास गप्प बसविले जाते, नायिकेचा निर्णय ऐन क्षणी का लांबतो, हे कलेचेच प्रश्न आहेत. स्त्रीवादी समीक्षेने ते अधिक नेटाने विचारले, एवढेच.

त्याबरोबर आमच्याच पक्षास एक कानपिचकी देणे प्राप्त आहे. बाईने लिहिले म्हणून वाखाणायचे आणि नायिकेने घर सोडले नाही म्हणून गुण कापायचे, ही समीक्षा नव्हे. ही परीक्षकाची गुणपत्रिका होय. शिवाय ‘घर’ म्हणजे आपलेच पांढरपेशे घर, असे मानण्याची खोडही सोडली पाहिजे. ऊर्मिला पवार यांचा ‘सहावं बोट’ हा संग्रह १९८८ साली आला. जात दाराबाहेर ठेवून बाईचे दुःख वाचता येत नाही, हे दलित लेखिकेची कथा वाचताना तरी ध्यानात यावे. ते येत नसेल, तर आपणही एक कुंपणच राखीत आहोत.

‘कळ्यां’चा काळ सरला, असे समजणाऱ्यांनी आपल्याच आळीत डोकावावे. मुलीच्या पगारातून सदनिकेचे हप्ते फिटत असतील, तर ती सदनिका कोणाच्या नावावर आहे, आणि त्या मुलीच्या लग्नाचा विषय निघताच बैठकीतील आवाज का खाली येतो, हे पाहावे. मग त्या कथा जुन्या वाटणार नाहीत.

त्या दिवशी यजमानीणबाईंनी कथेचा उत्तरार्ध स्वयंपाकघरातून, चहा गाळता गाळता ऐकला. त्यांचे मत कोणी विचारले नाही. लाज वाटते, परंतु आम्हीही विचारले नाही. पुढील बैठकीत चहा पुरुषांनी करावा आणि पहिले मत त्या बाईंचे ऐकावे, अशी आमची सूचना आहे.