एका डोळ्याची गाडी

मोटारगाडीला डोळे असतात हे लहान मुलांनाही ठाऊक असते; पण काही गाड्यांना पापण्याही होत्या, हे आमच्याकडे फार थोड्यांनी पाहिले असेल. दिवसा दिवे गाडीच्या नाकात मिटलेले आणि रात्री बटण दाबताच झाकणासकट वर! १९३६ सालच्या अमेरिकन कॉर्ड ८१० गाडीत हे काम हातानेच चाले. डॅशबोर्डाच्या दोन टोकांना दोन हँडले. ती फिरवावी तेव्हा मडगार्डांतून एकेक दिवा बाहेर येई. कष्ट खरे, पण उचलायलाच वीज नव्हती, तेव्हा तिचे रुसवेफुगवेही नव्हते. पुढे मोटर आली आणि तिच्यामागून तारा, रिले, फ्यूज असा सारा गोतावळा आला. २००४ मध्ये लोटस एस्प्रिट आणि शेव्हरोले कॉर्व्हेट यांनी हे दिवे सोडले आणि मोठ्या कारखान्यांतून ही तऱ्हा उठली. म्हणून आज अशी गाडी बाळगणाऱ्याने चांगली मोटर उगाच बाद केली, तर दुसरी सहजी मिळत नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे तीसेक वर्षांची अशीच एक जपानी गाडी आहे. मी गेलो तेव्हा तिचा डावा डोळा मिटलेला. भाच्याची रात्रपाळी, वाटेवर दिवे नाहीत. सून बिचारी तो येईपर्यंत जागी. "मामा, मोटर गेली," असे सांगून तो भंगारातली मोटर मागवायला निघाला होता.

शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहत. त्यांनी आधी प्रश्न विचारले, आणि मला तर वर्गात वाक्याचा अन्वय लावतो आहोत असे वाटू लागले. दिवा लागतो का, आणि दिवा उचलला जातो का? हे दोन प्रश्न निराळे, वाटाही निराळ्या. दोन्ही पापण्या मिटलेल्या राहिल्या तर दोघींच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज आणि स्विचकडे पाहावे. एकच राहिली तर त्या बाजूची तार, रिले आणि मोटर. (पोर्श ९४४ मध्ये एकच मोटर दोन्ही दिवे उचलते, तिथे हा हिशेब लागू नाही.) मग कान लावावा. मोटर गुरगुरते पण पापणी हलत नाही, तर दोष बहुधा विजेचा नसतो. १९८४ ते १९९६ च्या कॉर्व्हेटमध्ये मोटरच्या गिअरमधल्या प्लॅस्टिकचा कालांतराने भुगा होतो. पापणी सारखी उघडझाप करू लागली, तर 'आता थांब' सांगणारा संपर्क मळलेला असतो किंवा रिले चिकटलेला. काही वक्त्यांच्या ठायी हा संपर्क मुळातच नसतो; पण ते असो.

हात घालण्यापूर्वी मात्र दिवे उचलणारा फ्यूज काढावा, नाही तर झाकण अवचित हलते आणि बोटे सापडतात. १९८९ ते १९९७ च्या मॅझ्दा एमएक्स-५ मध्ये मोटरवर रबरी टोपीखाली एक मूठ असते. फ्यूज काढून ती फिरवली की दिवा हाताने उघडता येतो आणि रात्रीपुरते घर गाठता येते.

आमच्या गाडीत आवाजच नव्हता. भाच्याने प्लग सोडवून मीटर लावला. पूर्ण १२ व्होल्ट! "वीज पोचते, म्हणजे मोटरच मेली." म्हाताऱ्यांनी मान हलवली. मीटरला वीज लागते थेंबभर. गंजलेल्या सांध्यातूनही तेवढी झिरपते. मोटरला हवा लोट. त्यांनी प्लग परत जोडला, बटण दाबायला लावले आणि मोटरची काळी तार व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, दिसले ९. बारातले नऊ व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते!

या परतीच्या जोडणीला आपले मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. गाडीचा अर्थच सुटला होता, आणि मराठीचा प्राध्यापक शेजारी उभा! मडगार्डाच्या आत एका बोल्टाखाली काळ्या तारेचे टोक गंजून तपकिरी झाले होते. फ्यूज काढून बोल्ट सोडला, टोक आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. फ्यूज बसवला. पापणी सर्रकन वर गेली.

भाच्याने जुन्या मोटरचा बेत सोडला आणि उजव्या बाजूचा बोल्टही घासायला काढला.